बोअरमधे मोटर, गटारात माणूस

हिंगोली जिल्ह्यात एखाद्याच्या बोअरमधली मोटर जळाली तर तो काय करतो? फोन लावतो. कप्पी, साखळी, पाने घेऊन मोटर काढणारे येतात. चारशे-पाचशे फुटांवरनं एकेक पाइप वर ओढतात. शेवटी मोटर बाहेर येते, वाइंडिंगच्या दुकानात जाते, चार दिवसांनी परत खाली सुटते. ह्या सगळ्या उठाठेवीत एकही माणूस जमिनीखाली जात नाही. जाणार कसा? बोअरचं तोंड साडेसहा इंचाचं.

आणि त्याच माणसाच्या संडासाची टाकी तुंबली तर? तेव्हाही फोनच लावतो. सक्शनची गाडी मिळाली तर गाडी येते. गाडी मिळाली नाही, बोळात शिरली नाही, तिचं भाडं परवडलं नाही, तर माणूस येतो. बादली, दोर आणि माणूस. टाकीचं झाकण दोन फुटांचं. दोन फुटांत माणूस मावतो. मावतो म्हणून उतरवतात.

दोस्तांनो, ह्या साडेसहा इंच आणि दोन फुटांच्या मधे अख्खी वर्णव्यवस्था बसलेली आहे. स्वच्छ पाणी उपसायला यंत्र आणि घाण उपसायला माणूस, ही वाटणी कुठल्या इंजिनियरनं केली? कुठल्याच नाही. ती मनूनं केली, पुढं नगरपालिकेनं चालवली, आणि आता ठेकेदार चालवतोय.

कोणी शहाणा म्हणेल, पाण्याचं ठीक आहे हो, पण मैल्याला चालेल असं यंत्र कुठं आहे? आहे. त्याचीच माहिती आपल्या पोरांना असली पाहिजे. आपण भाषण करायला उठलो की मनुस्मृतीचे श्लोक धडाधडा सांगतो, पण नगरपालिकेच्या इंजिनियरनं 'असं यंत्र येत नाही' म्हटलं की गप्प बसतो. गप्प बसायचं नाही. यंत्र येतं. त्याला कटर पंप म्हणतात.

हा पंप घाणीत बुडवून चालवायचा असतो. मोटर बंद कवचात. मोटर आणि घाण यांच्यामधे तेलाची कोठी आणि सील, म्हणजे ओल मोटरपर्यंत पोचत नाही. खालच्या तोंडाला पंखा, त्याला इंपेलर म्हणतात. त्याच्या कडेला टंगस्टन कार्बाइडसारख्या कठीण धातूचं पातं आणि समोर खाचा पाडलेली तबकडी. पंखा फिरला की पातं आणि तबकडी कात्रीसारखी चालतात. टाकीत काय नसतं? चिंध्या, केस, दोरे, प्लास्टिकच्या पिशव्या, बायकांचे पॅड, गुटख्याच्या पुड्या. साध्या मडपंपाच्या पंख्याला हे सगळं गुंडाळलं जातं आणि पंप बसतो. मग कोणाचा तरी हात आत जातो. कटर पंप त्याच मालाचे तुकडे करतो आणि पाण्याबरोबर पाइपातनं बाहेर फेकतो.

छोटा कटर पंप दोन माणसं उचलून नेतात. आपल्या वस्त्यांचे बोळ कसे असतात ते तुम्हाला सांगायला नको. प्रेत न्यायचं तर तिरडी तिरकी करावी लागते, तिथं सक्शनची गाडी काय शिरणार? पण गाडी रस्त्यावर उभी करून पाइप बोळातनं आत नेता येतो. झाकण उघडायचं, साखळीनं पंप सोडायचा, वर उभं राहून बटण दाबायचं. घाण पाइपातनं टँकरमधे. माणूस वरच.

मोठ्या पंपिंग स्टेशनात तर आणखी पुढची सोय असते. सांडपाण्याच्या विहिरीत दोन उभे लोखंडी दांडे बसवतात, गाइड रेल म्हणतात त्यांना. पंप त्यावरनं सरकत खाली जातो आणि तळाशी पक्क्या केलेल्या बाकदार नळीवर आपल्याच वजनानं जाऊन बसतो. खाली कोणी नट आवळायचा नाही. पंप बिघडला की वरनं साखळी ओढायची, तो सुटून वर येतो. ह्या दोन दांड्यांकडं नीट बघा. ज्यानं कोणी ही रचना काढली त्यानं आधीच धरून ठेवलं होतं, की दुरुस्तीलासुद्धा माणूस खाली जाणार नाही. आपल्याकडं दांडे न बसवताच पंप खाली टाकला की समजायचं, माणूस खाली जाणार हे धरून ठेवलेलं आहे.

पंपाची आरती ओवाळायची गरज नाही. त्यालाही मर्यादा आहेत. दगड-वाळू गेली तर पात्याची धार जाते. वर्षानुवर्षं न उपसलेल्या टाकीच्या तळाशी गाळ घट्ट बसलेला असतो, तो आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं सुटा करावा लागतो. लांबच्या गटारवाहिनीत चोंदा बसला तर जेटिंगची गाडीच लागते. लाइट गेली की पंप उभा. पण ह्यातल्या एकाही अडचणीचं उत्तर 'माणूस उतरवा' असं नाही. धार गेली तर पातं बदला. गाळ बसला तर फवारा मारा. लाइट गेली तर जनरेटर लावा. नाहीतर थांबा. लाइट येईपर्यंत थांबा. गहू भिजवायला लाइटीची वाट बघत रात्र-रात्र जागता, मग माणूस वाचवायला चार तास थांबायला काय झालं?

आणि हे यंत्र काही परदेशातनं जहाजानं आणायचं नाही. हा मुलूखच पंपांचा. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. आधी नांगर झाले, मग पंप झाले. आज मैल्याचे पंप पुण्यात बनतात, अहमदाबादला बनतात, कोइमतूरला बनतात. मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी मोटर भरणारे कारागीर आहेत. ज्या पोराला पाण्याची मोटर उघडता येते त्याला ही मोटर शिकायला किती दिवस लागतील? तेव्हा विद्या नाही, कारखाना नाही, कारागीर नाही, ह्या सबबी चालायच्या नाहीत. नाही ती फक्त इच्छा. आणि इच्छा नाही, कारण खाली जाणारा त्यांच्या घरचा नाही.

आता हिंगोलीच का? तुम्ही मुंबई-पुण्याची पोरं, तुम्हाला हिंगोली नकाशात शोधावी लागेल. जिल्हा अलीकडचा, १ मे १९९९ ला परभणीतनं कापून काढलेला. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११ लाख ७७ हजार. हिंगोली, वसमत, कळमनुरी ह्या नगरपरिषदा. औंढा नागनाथ आणि सेनगाव ह्या नगरपंचायती. निजामाच्या काळात हिंगोलीला फौजेची छावणी होती. हळदीचा, सोयाबीनचा मुलूख. हिंगोलीला लागून कयाधू वाहते आणि पुढं पैनगंगेला मिळते. अशी गावं महाराष्ट्रात शंभरानं आहेत. मुंबईच्या गटारात माणूस मेला तर पेपरात चौकट तरी येते. इथं मेला तर पोलीस पाटलाच्या जबाबात संपतो. म्हणून हिंगोली.

आणखी एका कारणानं हिंगोली. ह्याच जिल्ह्याच्या औंढा तालुक्यात 'लायगो' नावाची जगातल्या मोजक्या वेधशाळांपैकी एक उभी राहणार आहे. केंद्रानं २०१६ साली तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मधे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात दोन भुजा, प्रत्येक चार किलोमीटर लांब. त्यांच्या नळ्यांतली हवा पंपांनी ओढून काढायची, पोकळी करायची, आतनं लेसर सोडायचा. कोट्यवधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, त्याचा थरकाप आज पृथ्वीवर पोचतो, तो टिपायचा. अणूच्या गाभ्याहूनही कितीतरी बारीक हालचाल मोजायची.

आम्ही ह्याच्या विरोधात नाही. बाबासाहेबांची लेकरं विज्ञानाच्या विरोधात जातील कशी? औंढ्याच्या माळावर विश्वाची धडधड ऐकू येणार असेल तर ती ऐकायला आपलीही पोरं तिथं पाहिजेत, वॉचमन म्हणून नव्हे, शास्त्रज्ञ म्हणून. पण एक प्रश्न विचारायचा हक्क आहे. नळीतली हवा काढायला ज्या जिल्ह्यात पंप येणार, त्या जिल्ह्यात मैल्याच्या टाकीत ताजी हवा सोडायचा ब्लोअर किती नगरपालिकांच्या गोदामात आहे? आणि असला तर त्याच्यावर धूळ किती आहे?

औंढ्याचीच एक कथा सांगतात. नामदेवाला देवळापुढं कीर्तन करू दिलं नाही, मागं जायला सांगितलं, तर देऊळच फिरलं. फिरलं असेल. शिंप्याच्या पोरासाठी दगडाचं देऊळ फिरतं, आणि आमच्या पोरासाठी गटाराच्या पंपाचा पंखा फिरत नाही! हा चमत्कार कोण करणार? तो देवाचा विषय नाही. तो मुख्याधिकाऱ्याचा विषय आहे.

सरकार काय करतंय म्हणता? सरकार समित्या आणि कायदे करतंय. १९४९ साली मुंबई सरकारनं बर्वे समिती नेमली. १९५७ साली केंद्रानं मलकानी समिती नेमली. त्यांचा एक मोठा उपदेश असा, की मैल्याची टोपली डोक्यावरनं नेऊ नका, ढकलगाडीनं न्या. देश स्वतंत्र झाला तेव्हा आमच्या वाट्याला आलेलं हे यंत्रयुग! धरणं बांधली, पोलाद गाळलं, अणू फोडला. आणि आमच्या माणसाला चाकं असलेली टोपली दिली.

मग १९९३ चा कायदा. मग २०१३ चा, तो ६ डिसेंबर २०१३ ला अमलात आला. तारीख बघा, महापरिनिर्वाण दिन. हा दुसरा कायदा प्रत्येकानं वाचावा असा आहे. कलम ७ म्हणतं, गटार किंवा सेप्टिक टँक धोकादायक रीतीनं साफ करायला कोणालाही कामाला लावायचं नाही. लावलं तर कलम ९ खाली पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा केलं तर पाच वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. आणि कलम ३३ तर आपल्या विषयाचं. गटारं आणि टाक्या साफ करायला योग्य ती यंत्रं वापरणं हे स्थानिक संस्थेचं कर्तव्य आहे, असं ते स्वच्छ सांगतं. म्हणजे कटर पंप, सक्शन गाडी, जेटिंग मशीन हे नगराध्यक्षाचं उपकार खातं नव्हे. ते कायद्यानं लागू असलेलं देणं आहे.

सुप्रीम कोर्टानं २०१४ साली गटारात मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख भरपाई ठरवली. २० ऑक्टोबर २०२३ ला ती तीस लाख केली, कायमचं अपंगत्व आलं तर वीस लाख. कोर्टानं माणसाची किंमत वाढवली, बरं केलं. पण हिशोब करा. तीस लाखांत छोटे कटर पंप डझनभर तरी सहज येतात. एका मेलेल्या माणसाच्या पैशात जिल्ह्यातल्या पाचही नगरांना पंप पुरून उरतील. पण पंपाचं टेंडर आज काढावं लागतं, आणि भरपाई पुढच्या साहेबाच्या काळात द्यावी लागते. सरकारी हिशोबात मेलेला माणूस म्हणून स्वस्त पडतो.

आणि मेलेला माणूस मोजायचा की नाही, हेही त्यांच्याच हातात. २०२१ सालचीच गोष्ट. फेब्रुवारीत लोकसभेत उत्तर दिलं, २०२० अखेरच्या पाच वर्षांत गटारं आणि सेप्टिक टँक साफ करताना ३४० माणसं मेली, त्यात महाराष्ट्रातली ३४. त्याच वर्षी २८ जुलैला राज्यसभेत उत्तर दिलं, हातानं मैला उचलण्यामुळं मृत्यू झाल्याची नोंद नाही. दोन्ही उत्तरं सामाजिक न्याय खात्याच्या राज्यमंत्र्यांची. नाव रामदास आठवले. एके काळचे पँथर.

दोन्ही उत्तरं खरी कशी? कायद्याच्या व्याख्येत 'हातानं मैला उचलणं' वेगळं आणि 'गटाराची धोकादायक सफाई' वेगळी. ह्या दोन शब्दांच्या फटीत ३४० माणसं गडप करता येतात. खड्डा तोच, मैला तोच, मेलेला तोच. फक्त रकाना वेगळा. पूर्वी आपल्याला गावकुसाबाहेर ठेवत, आता रकान्याबाहेर ठेवतात.

आता शेजारी बघा. हिंगोली ज्या परभणीतनं निघाली, त्या परभणीतला सोनपेठ तालुका. मे २०२३. भाऊचा तांडा शिवारात एका आखाड्यावर सेप्टिक टँक साफ करताना पाच मजूर मेले, सहावा अत्यवस्थ. मेलेले एकमेकांच्या नात्यातले. एका रात्रीत एका घराची कर्ती माणसं संपली.

अशा टाकीत असतं काय ते समजून घ्या. मैला कुजला की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. थोडा असला तर सडक्या अंड्याचा वास येतो. जास्त झाला तर नाकाची वास घ्यायची ताकदच मरते. म्हणजे वास गेला, बरं वाटलं असं ज्या क्षणी वाटतं त्याच क्षणी मरण उभं असतं. हा वायू हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. जोडीला मिथेन, आणि प्राणवायू कमी. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा. दारू पिऊन उतरल्यानं, तोंडाला रुमाल बांधल्यानं ह्यातलं काहीही टळत नाही. दोन-दोन, तीन-तीन मढी एकाच खड्ड्यातनं निघतात, कारण खाली पडलेला आपला भाऊ असतो आणि वर यंत्र नसतं.

सोनपेठला मेलेले मजूर मुसलमान होते. मग कोणी लगेच म्हणेल, बघा, ह्यात जात कुठं आली? आली. केंद्राच्या 'नमस्ते' योजनेत गटार आणि टाकी कामगारांची नोंद झाली, त्यात दर तिघांतले दोन अनुसूचित जातींचे निघाले. उरलेल्यांत बहुतेक मागास जातींचे, आदिवासी, आणि ज्यांना दुसरं कामच मिळत नाही असे. खड्ड्यात कोण मेला ह्याच्याआधी विचारायचं, की खड्डा असा का बांधला, तो उपसायला यंत्र का नव्हतं. ह्या कामाला हजारो वर्षं फुकटातला माणूस मिळत गेला, म्हणून ह्या कामाचं यंत्र गावापर्यंत आलंच नाही. जातीनं खड्डा खणून ठेवला, गरिबीनं त्यात दुसऱ्यालाही ढकललं. सोनपेठचे पाच आपलेच आहेत. त्यांच्यासाठी आपण किती मोर्चे काढले?

हा प्रश्न आता चळवळीला. नामांतरासाठी मराठवाडा पेटला, घरं जळाली, माणसं मेली, १९७८ ते १९९४ सोळा वर्षं लढलो. ते लढलोच पाहिजे होतं. पण सफाई कामगाराचा प्रश्न आपण युनियनवर सोडून दिला. मेहतर वाल्मीकींच्या सभेला जातील, मातंग अण्णाभाऊंच्या जयंतीला, आपण भीमजयंतीला. मनूनं एक भिंत घातली होती, आपण तिच्यात खोल्या पाडल्या. जो शिकला तो वस्तीतनं निघाला, ब्लॉक घेतला, आणि त्याच्या ब्लॉकची टाकी उपसायला जो येतो त्याचं नावही त्याला माहीत नाही. ब्राह्मण्य काय फक्त ब्राह्मणाच्या घरी पाणी भरतं?

बाबासाहेबांनी हा प्रश्न कधी सोडला नव्हता. १९३० च्या दशकात मुंबईत त्यांनी म्युनिसिपल कामगारांचा संघ उभा केला. इंग्रजी अमलात असे म्युनिसिपल कायदे होते की सफाई कामगारानं नोटीस न देता काम सोडलं तर तो गुन्हा. गिरणीतला कामगार काम सोडू शके, भंगी सोडू शकत नसे. बाबासाहेबांनी हे उघडं पाडलं. त्याच काळात, १९३६ साली, गांधी 'हरिजन'मधे आदर्श भंगी कसा असावा हे लिहीत होते. फरक लक्षात घ्या. एकाला त्या खड्ड्यातला माणूस पवित्र करायचा होता. दुसऱ्याला तो बाहेर काढायचा होता. आज स्वच्छतेच्या नावानं झाडू घेऊन फोटो काढणारे सगळे पहिल्याचे वारस. २०१४ पासनं गावोगाव संडास झाले, चांगलं झालं. पण टाकी बांधली की ती दोन-तीन वर्षांनी भरणार, आणि भरली की उपसायची कशानं, हे भिंतीवरच्या त्या चष्म्याला दिसलं नाही.

मग काय मागायचं? नुसतं 'यंत्र द्या' म्हणून भागणार नाही. इथं एक सापळा आहे. यंत्र येतं, ते ठेकेदाराच्या नावावर येतं. ठेकेदार पुढाऱ्याचा मेहुणा. पंपाचं बटण दाबायला त्याच्या गावचा पोरगा, पगार बरा, कपडे स्वच्छ. आणि पंप अडला की चिंधी काढायला? तिथं पुन्हा आपला माणूस. पूर्वी निदान नगरपालिकेचा कामगार होता, आता ठेकेदाराचा रोजंदार. यंत्रानं घाण गेली नाही, फक्त नोकरी गेली. म्हणजे बटण सवर्णाचं आणि गाळ आपला. नवी मनुस्मृती, थ्री फेजवर चालणारी.

म्हणून मागणी अशी पाहिजे. आपल्याकडं लाड-पागे समितीच्या शिफारशींवरनं सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. ती भाकरी आहे, ती सोडा असं कोणी म्हणणार नाही. पण वारसा हक्कानं झाडू मिळतो, तर वारसा हक्कानं पंपाची चावी का मिळू नये? ज्यांच्या बापजाद्यांनी हातानं उपसलं त्यांच्या पोरांना आयटीआयमधे पंपाचं, मोटरचं, जेटिंगचं शिक्षण द्या. ऑपरेटर म्हणून कायम पद द्या, कामगार म्हणून नव्हे, तंत्रज्ञ म्हणून. दिल्लीत २०१९ साली गटार साफ करणाऱ्या दोनशे यंत्रगाड्या कर्जावर सफाई कामगारांच्या आणि मेलेल्या कामगारांच्या घरच्यांच्या हाती देण्याचा प्रयोग झाला. कर्जाचा हप्ता हाही एक फास असतो, तेव्हा डोळे उघडे ठेवून बघायला पाहिजे. पण मालकीचा प्रश्न तिथं निदान विचारला गेला.

लहान गावांना हे झेपत नाही, ही शेवटची सबब. साताऱ्यातलं वाई आणि नाशकातलं सिन्नर ही काही मुंबई नव्हे. ह्या दोन नगरपालिकांनी गावातली प्रत्येक टाकी साधारण तीन वर्षांतनं एकदा गाडीनं उपसायचं वेळापत्रक लावलं आणि मैल्यावर प्रक्रिया करायचं केंद्र उभं केलं. टाकी तुंबायची वाटच बघायची नाही, म्हणजे गाळ दगड होत नाही, घाई होत नाही, रात्री गुपचूप माणूस उतरवावा लागत नाही. वाईला जमतं ते वसमतला का जमू नये? सिन्नरला जमतं ते सेनगावला का जमू नये?

तेव्हा दोस्तांनो, कविता लिहा, पण त्याबरोबर एक अर्जही लिहा. माहितीचा अधिकार, २००५ चा कायदा, दहा रुपये फी. हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा, सेनगाव, आणि तुम्ही राहता त्या महापालिकेलासुद्धा. चार प्रश्न.

एक, कलम ३३ प्रमाणं तुमच्याकडं कुठली यंत्रं आहेत, कधी घेतली, त्यातली आज चालू किती?

दोन, गेल्या तीन वर्षांत सार्वजनिक संडासांच्या टाक्या कोणी उपसल्या, कशानं उपसल्या, बिल कोणाला दिलं?

तीन, सांडपाण्याचे पंप आहेत तिथं ते वर काढायला रेल आणि साखळी आहे का? नसेल तर आजवर ते दुरुस्तीला कोणी आणि कसे वर काढले?

चार, यंत्र चालवणारे किती, कायम किती, ठेक्यावर किती, त्यांना शिक्षण कोणी दिलं?

उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. येईल ते छापू. येणार नाही तेही छापू, नगरपालिकेच्या नावासकट. आणि ज्या गावात उत्तर 'यंत्र नाही' असं येईल, त्या गावात मोर्चा सामाजिक न्याय खात्यावर न्यायचा नाही. तिथं फक्त हार मिळतात. मोर्चा मुख्याधिकाऱ्याच्या दारात न्यायचा, हातात कलम ७ आणि कलम ९ घेऊन, आणि सांगायचं: साहेब, उद्यापासनं आमचा एकही माणूस खाली जाणार नाही. पंप आणा, नाहीतर टाकी तुंबू द्या. अख्ख्या गावाला वास येऊ द्या. हजारो वर्षं तो आम्ही एकट्यानं घेतला.

जय भीम.